घरांतील व्यायामाचीं साधनें : निवड कशी करावी ?

व्यायाम करावा कीं न करावा, हा वाद आतां सुशिक्षित कुटुंबांत फारसा उरलेला नाहीं. वाद उरला आहे तो साधनांचा. धाकट्या मंडळींस विजेवर चालणारी ट्रेडमिल हवी असते, मधल्यांस लोखंडी वजनें हवीं असतात, आणि वडील मंडळींस असें वाटतें कीं, सकाळीं उठून बारा सूर्यनमस्कार घातले म्हणजे यांपैकीं कशाचीच गरज नाहीं. तिन्ही पक्षांत थोडें थोडें तथ्य आहे. परंतु एक प्रश्न तिन्ही पक्षांनीं सोडून दिलेला असतो. तो म्हणजे, हें साधन घरांत यावयाचें तें कोणाकरितां? त्या प्रश्नापासून आरंभ केला तर खरेदीचा निम्मा घोळ आपोआप मिटतो असें आमचें मत आहे, व तेंच या लेखांत आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

आम्ही राहतों तें द्रोणागिरी हें नवी मुंबईचें उरण तालुक्यांतील उपनगर. शेजारच्या डोंगराचें नांव त्यास मिळालें आहे. लक्ष्मणाकरितां संजीवनी आणण्यास गेलेल्या मारुतीच्या हातून त्या पर्वताचा एक तुकडा येथें पडला, अशी कथा इकडे सांगतात. कथेचा इतिहास बाजूस ठेवूं; तिच्यांत आमच्या विषयास उपयोगी असा एक बोध आहे. मारुतीस नेमकी वनस्पति ओळखतां आली नाहीं, म्हणून त्यानें सबंध पर्वत उचलला. त्याच्या अंगीं तें बळ होतें. परंतु काय पाहिजे हें न कळल्यामुळें सबंध दुकान उचलून आणणाऱ्या गृहस्थाच्या दोन खोल्यांत पर्वत मावत नाहीं.

घरींच व्यायाम करण्याची इच्छा या भागांत वाढीस लागावी यास कारणेंही आहेत. १९८९ सालीं सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरामुळें इकडील मोठ्या रस्त्यांवर कंटेनर वाहणाऱ्या अवजड गाड्यांची वर्दळ असते. तेथें पायीं फिरणें सुखाचें नाहीं. पावसाळ्याचे चार महिने तर फिरण्याचा नेम टिकणें कठीणच. १२ जानेवारी २०२४ रोजीं खारकोपर ते उरण हा लोकलचा मार्ग व समुद्रावरील अटल सेतु या दोहोंचें उद्घाटन झालें. त्यामुळें मुंबई जवळ आली हें खरें, परंतु नोकरदार माणसाचा दिवस त्यामुळें चोवीस तासांहून मोठा झाला नाहीं. सकाळीं गाडी गांठावयाची, रात्रीं परत यावयाचें, यांत व्यायामास उरतो तो अर्धा तास. तो व्यायामशाळेच्या वाटेवर खर्चावा कीं घरींच सत्कारणीं लावावा, असा हा हिशेब आहे.

हा हिशेब केवळ हौसेचा नाहीं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साह्यानें झालेल्या व २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत देशांत सुमारें १० कोटि १० लक्ष मधुमेही असल्याचा अंदाज दिलेला आहे. त्या रोगाच्या उंबरठ्यावर उभे असलेल्यांची संख्या १३ कोटि ६० लक्ष. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकांत २०२४ सालीं आलेल्या अभ्यासाप्रमाणें, २०२२ सालीं भारतांतील जवळजवळ निम्म्या प्रौढ माणसांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. पुरुषांत हें प्रमाण शेंकडा ४२ होतें, आणि स्त्रियांत शेंकडा ५७. यांतील शेवटचा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. त्याच्याकडे आम्ही पुढें वळणार आहों.

शरीरास हवें काय, हें आधीं पाहूं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलेलें प्रमाण असें : प्रौढ माणसानें आठवड्यास १५० ते ३०० मिनिटें मध्यम श्रमाचा, अथवा ७५ ते १५० मिनिटें कठीण श्रमाचा व्यायाम करावा; शिवाय निदान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंस बळ देणारा व्यायाम करावा. वयाच्या ६५ व्या वर्षानंतर, पडणें टळावें म्हणून, आठवड्यांतून निदान तीन दिवस तोल व बळ यांचा व्यायाम हवा. पांच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींस रोज सरासरी ६० मिनिटें हालचाल हवी. म्हणजे कामें चार झालीं : दम वाढविणें, बळ वाढविणें, सांधे मोकळे ठेवणें आणि तोल सांभाळणें. दुकानांतील प्रत्येक साधनास हा एकच प्रश्न विचारावा : बाबा रे, या चारांपैकीं तूं कोणतें काम करणार, आणि आमच्या घरांत तें कोणास हवें आहे ? जें साधन या प्रश्नास उत्तर देत नाहीं, त्याची झळाळी कितीही असो, तें दुकानांतच शोभतें.

साधनांचा असा विचार महाराष्ट्रास नवीन नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबाची विद्या ऊर्जितावस्थेस आणली. एक गुळगुळीत लांकडी खांब व त्यास लावावयास एरंडेल, एवढ्या सामग्रींत सर्वांगाचा व्यायाम साधणारी ती योजना. तालमींत याशिवाय मुद्गल, करेल, नाल आणि जोर काढण्याचे हत्ते असत. अमरावतीचें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं निघालें, आणि १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं त्याच्या पथकानें देशी व्यायामाचीं प्रात्यक्षिकें केलीं. द. चिं. मुजुमदार यांच्या संपादकत्वाखालीं बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळांत व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड निघाले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं ज्या सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर पुरस्कार केला, त्यांस तर अंगाएवढी जागा आणि एक सतरंजी पुरते. ही देवाणघेवाण दुहेरी होती. युजेन सँडो हा विलायती मल्ल १९०४-०५ सालीं हिंदुस्थानांत येऊन आपले प्रयोग करून गेला. उलट आमचा मुद्गल इंग्रज शिपायांबरोबर युरोपांत गेला, आणि १९०४ व १९३२ या दोन ऑलिंपिकांत त्याच्या स्पर्धा झाल्या.

या इतिहासांतून घेण्यासारखी गोष्ट ही कीं, तालमींत साधन निवडणारा वस्ताद असे. शिष्याचें वय, हाड व दम पाहून तो हलकी जोडी देई, आणि ती हातांत बसली म्हणजे जड देई. घरांत वस्ताद नसतो. त्याची जागा जाहिरात घेते. आणि जाहिरातीस आपल्या सासूबाईंचे गुडघे ठाऊक नसतात.

आतां प्रत्यक्ष खरेदीकडे वळूं. पहिली गोष्ट जागेची. टेप घेऊन खोली मोजावी. घरगुती ट्रेडमिलला सुमारें सहा फूट लांब व अडीच फूट रुंद जागा लागते. शिवाय घसरून पडल्यास भिंतीवर आपटूं नये म्हणून मागें सहा फूट मोकळे असावे. इतकी जागा नसेल तर तो विचार तेथेंच सोडावा. मुद्गल फिरविण्याची आवड असेल तर डोक्यावरील पंखा आधीं पाहावा. वजनाविषयीं असें कीं, भारतीय मानकानुसार राहत्या खोलीची जमीन साधारणपणें दर चौरस मीटरास २०० किलो भार धरून आंखलेली असते. एखादी सायकल व तीवर बसलेला माणूस यांची त्यामुळें चिंता नको. परंतु एकाच कोपऱ्यांत लोखंडाच्या चकत्यांचा ढीग रचणें, अथवा जड वजन वरून टाकणें, हें बहुमजली इमारतींत अविचाराचें होय. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यासही सकाळची झोंप असते. म्हणून वजनांखालीं व यंत्राखालीं रबराची जाड चटई असलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट हवेची. द्रोणागिरीस खाडी व समुद्र जवळ. हवा दमट आणि खारी. अशा हवेंत उघडें लोखंड फार लवकर गंजतें, आणि मुलाम्याची मूठ एकदां सोलटली कीं तळहातास टोंचूं लागते. म्हणून किनाऱ्याच्या गांवीं वजनें घेतांना रबराचें वेष्टण असलेलीं घ्यावीं, सायकलचे उघडे खिळे व स्क्रू पाहून घ्यावे, यंत्र गॅलरींत ठेवूं नये, आणि घाम लागलेली प्रत्येक वस्तु कोरड्या फडक्यानें पुसून ठेवावी. रबरी पट्टे उन्हांत ठेवले तर चिरतात. चीर दिसतांच पट्टा टाकून द्यावा, कारण ताणलेला पट्टा तुटून डोळ्यावर येऊं शकतो.

तिसरी गोष्ट विजेची. एक अश्वशक्ति म्हणजे सुमारें ७४६ वॅट. दोन अश्वशक्तीची मोटर म्हणजे दीड हजार वॅट झाले. आणि ६ अँपियरच्या साध्या प्लगवर २३० व्होल्टनें १३८० वॅटच निघतात. तेव्हां अशा यंत्रास १६ अँपियरचा प्लग पाहिजे. विक्रेता मोटरची शक्ति सांगतो ती पुष्कळदां क्षणभराची अधिकांत अधिक शक्ति असते. सतत चालतांना ती किती, हें विचारून घ्यावें. यंत्रावर लिहिलेली माणसाच्या वजनाची मर्यादा घरांतील सर्वांत जड माणसापेक्षां निदान वीस किलोंनीं जास्त असावी. दुरुस्तीस माणूस उरणपर्यंत येतो किंवा नाहीं, हेंही पैसे देण्यापूर्वींच विचारावें.

ट्रेडमिल आणि सायकल यांत कोणती घ्यावी, हा नेहमींचा प्रश्न. ट्रेडमिलचा पूर्वज इंग्रजी तुरुंगांत जन्मला. विल्यम क्यूबिट यानें १८१८ सालीं कैद्यांस शिक्षा म्हणून पायांनीं फिरविण्याचें चक्र काढलें. आजचें यंत्र अर्थातच तसें नाहीं. ज्यास चालण्याची आवड आहे, ज्याचे गुडघे ठीक आहेत, व ज्याच्या घरीं जागा आहे, त्यास तें उत्तम आहे. परंतु त्याचा पट्टा विजेवर फिरतो, आणि लहान मुलांचा हात त्याखालीं ओढला जाण्याचें भय खरें आहे. अमेरिकेंत २०२१ सालीं एका बालकाचा मृत्यु व अनेकांस इजा झाल्यावर पेलोटन कंपनीस आपलें एक ट्रेडमिल बाजारांतून परत घ्यावें लागलें. म्हणून सुरक्षेची किल्ली असलेलें यंत्रच घ्यावें, व काम होतांच किल्ली काढून मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा उंचीवर ठेवावी. सायकलीस जागा थोडी लागते, शरीराचा भार बैठकीवर असल्यामुळें गुडघ्यांस धक्का बसत नाहीं, आणि पडण्याचें भय कमी. तिच्यांत चुंबकाच्या रोधाची जात पसंत करावी. तिच्यांत चुंबक चाकास न शिवतां त्यास रोखतो, त्यामुळें आवाज होत नाहीं व कांहीं झिजत नाहीं. पाठीस टेकण असलेली सायकल वृद्धांस सोयीची. साध्या सायकलीची बैठक अशी लावावी कीं, टांच पायटयावर ठेवली असतां खालच्या टोंकास पाय सरळ व्हावा. बैठक खालीं राहिली कीं गुडघे दुखूं लागतात, आणि दोष मात्र सायकलीस मिळतो.

बळाच्या साधनांस फारसा खर्च नाहीं. जें वजन नीट पद्धतीनें आठ ते बारा वेळां उचलतां येतें, व ज्याचे शेवटचे दोन खेप जड जातात, तें आपलें वजन. बारा खेप सहज होऊं लागले म्हणजे वजन थोडें वाढवावें. दोन, तीन व पांच किलोच्या डंबेल्सच्या जोड्या आणि दोन-तीन रबरी पट्टे एवढ्यांत साऱ्या कुटुंबाचें पुष्कळ दिवस भागतें. नुसती परीक्षा पाहावयाची असेल तर एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलोच होय. वजन उचलतांना श्वास कोंडूं नये. उचलतांना सोडावा व खालीं आणतांना घ्यावा, कारण श्वास कोंडल्यानें रक्तदाब चढतो. मांड्यांकरितां बैठका, छातीकरितां जोर; ज्यांस जमिनीवर जोर जमत नाहींत त्यांनीं भिंतीस हात टेकून काढावे.

वृद्धांचें मुख्य साधन म्हणजे घरांतील जड, हात असलेली खुर्ची. ती भिंतीस टेकवून ठेवावी. तीवरून हातांच्या आधारावांचून उठणें व सावकाश बसणें, असें दहा वेळां. नंतर ओट्याची कड धरून एका पायावर उभें राहणें. आमच्या ८७ वर्षांच्या मातोश्री हें नेमानें करितात. वृद्ध माणूस न्हाणीघरांत एकदां पडला, खुबा मोडला, कीं सबंध घर अंथरुणास खिळतें. हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस या खुर्चीची किंमत सांगावयास नको.

आतां शेंकडा ५७ या आंकड्याकडे. आमच्या घरीं माणसें सात : मातोश्री, आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई आणि दोन नातवंडें. यंत्राची मागणी निघाली तेव्हां आम्हीं असा नियम घातला कीं, सहा आठवडे कांहीं विकत घ्यावयाचें नाहीं. खुर्ची, भिंत, सतरंजी व पाण्याच्या बाटल्या यांवर व्यायाम करावयाचा, आणि केलेल्या दिवसाची खूण प्रत्येकानें भिंतीवरच्या तक्त्यांत आपल्या नांवापुढें करावयाची. सहा आठवड्यांनीं तक्ता बोलूं लागला. आमच्या, चिरंजिवांच्या व नातवंडांच्या नांवापुढें खुणांची रांग. मातोश्रींची रांगही बरी. आमच्या पत्नींच्या व सूनबाईंच्या नांवापुढें मात्र कोरे चौकोन. दोघींस व्यायामाचा कंटाळा होता असें कोणी म्हणेल तर तें खोटें ठरेल. व्यायामाची वेळ सहा ते सात, आणि चार डबे भरण्याची वेळही तीच. सूनबाईंस स्वतःच्या नोकरीची गाडी गांठावयाची असते ती निराळीच. कितीही किमतीचें यंत्र आणलें असतें तरी त्या दोघींस तें लाभलें नसतें. कारण त्यांस साधन कमी नव्हतें, वेळ कमी होता.

मग वेळेची वांटणी झाली. आदल्या रात्रीं भाजी चिरून ठेवण्याचें काम आम्हीं पत्करलें. कणीक भिजविणें व डबे भरणें हें चिरंजिवांकडे गेलें. पाण्याच्या बाटल्या नातवंडांकडे. पुढील सहा आठवड्यांच्या तक्त्यांत ते चौकोन भरले. त्यानंतरच यंत्राची गोष्ट निघाली, आणि निवड त्या दोघींनीं केली. त्यांनीं सायकल निवडली. कारण ती दुपारीं मातोश्रींच्या झोंपेंत चालवितां येते, रात्रीं नऊनंतर शेजाऱ्यांस त्रास होत नाहीं, आणि गुडघे धरलेल्या माणसासही तीवर बसतां येतें. नातवंडांची ट्रेडमिलची हौस तूर्त दोरीवरच्या उड्यांवर भागली आहे, आणि त्या उड्या इमारतीच्या आवारांत होतात.

‘घरांतल्या बायका दिवसभर कामच करितात, त्यांस व्यायाम कशाला ?’ असें विचारणारे गृहस्थ अजूनही भेटतात. घरकामांत हालचाल आहे हें खरें. परंतु ओट्यापाशीं तासन् तास उभें राहिल्यानें पाय दुखतात, दम वाढत नाहीं, आणि मांड्यांस बळही येत नाहीं. संस्कृताचा आधार घेणाऱ्या मंडळींस आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. शरीरास धर्माचें पहिलें साधन म्हणणारें कालिदासाचें वचन व्यायामशाळांच्या भिंतींवर नेहमीं दिसतें. तें वचन कुमारसंभवाच्या पांचव्या सर्गांतील आहे, आणि तें कोण्या मल्लास उद्देशून नाहीं. तपश्चर्येनें कृश झालेल्या पार्वतीस बटुवेषधारी शंकर विचारतो कीं, हें तप तूं आपल्या शक्तीच्या बेतानें करितेस ना ? म्हणजे ही विचारपूस एका स्त्रीची आहे, आणि तिच्यांत शक्तीच्या मर्यादेचा प्रश्न आधीं आहे. वचन भिंतीवर लावणाऱ्यानें हा प्रश्न आपल्या घरींही विचारावा, हें योग्य.

शक्तीची ही मर्यादा आयुर्वेदानेंही सांगितली आहे. बलवान् माणसानें देखील थंडींत व वसंतांत अर्ध्या शक्तीनेंच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून कमी, असें वाग्भटाचें मत. कपाळ, नाक व सांधे यांवर घाम येणें आणि श्वास तोंडावाटे चालूं लागणें, ही अर्ध्या शक्तीची खूण आयुर्वेदाच्या ग्रंथांत दिली आहे. आजचे वैद्यही मध्यम श्रमाची ओळख अशीच सांगतात : बोलतां यावें, पण गातां येऊं नये. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह किंवा जुनें सांध्यांचें दुखणें असेल त्यानें आरंभापूर्वीं आपल्या डॉक्टरांस विचारावें. आणि व्यायामांत छातींत दुखलें, घेरी आली, तर तेथेंच थांबून त्यांस कळवावें.

सारांश, खरेदीचा क्रम असा असावा. प्रथम सहा आठवडे एक तक्ता, ज्यास कांहीं किंमत पडत नाहीं. मग न घसरणारी चटई, रबरी पट्टे व हलक्या वजनांची एक जोडी. यांवर आठवड्यांतून चार दिवस नेम टिकला तर मोठें यंत्र, आणि तेंही घरांतील ज्या माणसास सवड सर्वांत कमी त्याच्या सोयीनें निवडलेलें. पुष्कळ घरांतून ट्रेडमिलवर ओले टॉवेल वाळतांना दिसतात. तेथें दोष यंत्राचा नसतो. तें आणतांना कोणीं कोणत्या वेळीं त्यावर चढावयाचें, हें ठरलेलें नसतें. तेवढें ठरवून मग दुकानाची पायरी चढावी.